शून्यबाईंची वही

माझी थोरली जाऊ मला आवडत नाही. हे मी तिच्या माघारी सांगत नाहीये. लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून तिला ते ठाऊक आहे. तिलाही मी आवडत नाही. आम्हा दोघींना याबद्दल कधी शंका नव्हती. घरातल्या पुरुषांना मात्र अजून वाटतं की आमचं ‘तसं बरं चाललंय’.

नशीब असं, की घर एक आणि नोकरीही एकाच कॉलेजात. ती वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. ती रसायनशास्त्र विभागाच्या यंत्रखोलीची प्रमुख, मी त्याच विभागात पर्यावरण रसायन शिकवणारी. पाणी, हवा, माती कशाकशानं नासते ते मी फळ्यावर सांगायचं, आणि खरंच नासलंय का ते मुलांनी तिच्या खोलीत जाऊन मोजायचं. सकाळी जिन्यात तिचं तोंड, दुपारी व्हरांड्यात तिचंच तोंड. सुटीच्या दिवशी तरी सुटका? तर तेव्हा ती वरून खाली वाकून माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे असं बघायची, जणू मी ते धुतलेलेच नाहीत.

धुणं हा तिचा धर्मच होता. उंच, हाडकुळी, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, नखं मुळापासून कापलेली, ॲप्रनच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा. तिसऱ्या वर्षाची मुलं यंत्रखोलीत पहिल्यांदा आली की त्यांना वाटायचं, आता काहीतरी भारी बघायला मिळणार. ती त्यांना बाटल्या धुवायला लावायची. साबणानं नाही. पातळ नायट्रिक ॲसिडात बाटल्या दिवसभर बुडवायच्या, मग डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा विसळायच्या, मग उपड्या घालायच्या. दोन आठवडे नुसतं हेच. एका मुलीनं विचारलं, “मॅडम, चौथ्यांदा विसळलं तर जास्त चांगलं ना?” तर म्हणाली, “तीनदा सांगितलं की तीनदा. जास्त शहाणपणा घरी.”

बाटल्या झाल्या की शून्य. कुठलंही यंत्र असो, नमुना आत घालण्याआधी कोरं पाणी घालायचं, म्हणजे ज्यात काहीच नाही असं डिस्टिल्ड पाणी. यंत्र जे दाखवील त्याला शून्य म्हणायचं, आणि मग पुढचं मोजायचं. “आधी शून्य!” हे ती दिवसातून चाळीस वेळा ओरडायची. म्हणून मुलं तिला शून्यबाई म्हणायची. पाठीमागे अर्थात. हे नाव मीच पसरवलं असा तिचा संशय होता. संशय अगदीच खोटा नव्हता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे वही. यंत्रखोलीच्या दाराशी दोरीला बांधलेली जाडजूड नोंदवही. खोलीतल्या कशालाही हात लावला की तारीख, वेळ, काय केलं, सही. बल्ब बदलला, लिहा. ड्रॉवरची कडी निघाली, लिहा. “वहीत नाही ते घडलंच नाही,” असं ती विभागप्रमुखांनाही ऐकवायची. विभागप्रमुख म्हणजे गोल चेहऱ्याचा, गोड बोलून काटा काढणारा माणूस. तो हसून सही करायचा आणि लक्षात ठेवायचा.

या वहीवरून आमचं एक जुनं भांडण आहे, ते आधी सांगते. सात वर्षांपूर्वी ती पायाच्या दुखण्यानं दहा दिवस रजेवर गेली आणि खोलीचा प्रभार माझ्याकडे आला. जाताना कागदावर सूचना लिहून गेली होती, एकूण सतरा. त्यातली नववी: ‘डिस्टिल्ड पाण्याच्या टाकीची तोटी गळते. खाली बादली ठेवावी. टाकीला हात लावू नये.’ टाकी तांब्याची होती, आतून कल्हई केलेली, विभागाइतकीच जुनी. थेंब थेंब करून पाणी जायचं, बादली भरायची, फरशी ओली व्हायची, एक मुलगा त्यात घसरला. मी म्हटलं, हे काय सोंग आहे! आमच्या घरी नेहमी येणाऱ्या नळवाल्याला बोलावलं. त्यानं झाकण काढलं, आत हात घातला, तोटीच्या मुळाशी धातू वितळवून डाख दिला, पंधरा मिनिटांत गळती बंद. आठवीत असलेली माझी मुलगी शाळेला सुटी म्हणून त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती, आणि नळवाल्याला टॉर्च धरून उभी होती.

थोरली परत आली तशी पहिल्यांदा तोटीकडेच गेली.

“हिला कुणी हात लावला?”

“वायसर बदलला,” मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर नवव्या सूचनेवर तासभर ऐकावं लागलं असतं.

“वहीत लिहिलंस?”

“लिहिते.”

लिहिलं नाही. तिनं अजून दोनदा विचारलं, आणि मी हट्टानं लिहिलं नाही. वायसरसाठी सही मागते, उद्या शिंकले तरी मागेल. त्या दहा दिवसांची जागा वहीत तशीच मोकळी राहिली.

पुढं वर्षभरातच ते मोठं यंत्र आलं. पाण्यात शिसं किती आहे ते मोजणारं. बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी ग्रॅफाइटची नळी, तिच्यात पाण्याचा एक थेंब, नळी दोन हजार अंशांच्या वर तापते, थेंबाचा धूर होतो आणि त्या धुरातून जाणारा प्रकाश किती गिळला गेला त्यावरून शिसं कळतं. एका लिटरमध्ये मिठाचा एक कण टाकला तर त्याच्याही शंभराव्या हिश्श्याचा पत्ता लागावा, इतकं तिखट. विभागप्रमुखांनी यंत्राला निळं आवरण शिवून घेतलं आणि काचेच्या खोलीत ठेवलं. तपासणी समिती आली की आवरण काढायचं, गेली की घालायचं. मुलांनी पिवळ्या पट्टीच्या मागे उभं राहून बघायचं.

थोरलीनं यावरून जे युद्ध मांडलं, ते मी तिची वैरीण असूनही विसरू शकत नाही. चौदा महिने. प्राचार्यांना पत्रं, बैठकीत भांडणं, एकदा तर समितीच्या समोरच म्हणाली, “हे यंत्र इथल्या एकाही विद्यार्थ्यानं वापरलेलं नाही. लिहून घ्या.” विभागप्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी त्यांनी परवानगी दिली, पण लेखी अटीवर: मुलांनी यंत्र चालवावं, जबाबदारी सर्वस्वी यंत्रखोली प्रमुखांची. त्यांच्या नावावर एकही चूक नोंदली गेली, की यंत्र कायमचं कुलपात आणि किल्ली त्यांच्याकडून काढून घेणार. तिनं तिथंच उभ्या उभ्या सही केली. मला म्हणाली, “हसतेस काय? माझ्याकडून चूक होत नाही.”

हा तिचा ताठा! सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

पाच वर्षं मुलांनी ते यंत्र चालवलं. खरं सांगायचं तर चांगलं चालवलं. एकेक जण स्वतःच्या घरचं, शाळेचं, दवाखान्याचं पाणी आणायचा, आणि एक नमुना सगळ्यांना सक्तीचा: कॉलेजच्या कँटीनमधला कुलर. आकडा दरवर्षी लिटरला सात-आठ मायक्रोग्रॅमच्या आसपास. दहापर्यंत चालतं. कुलरवर तिनं स्वतः पाटी लावली होती: ‘तपासलेले पाणी’. खाली तिची सही. बाहेरून आणलेला खात्रीचा नमुना, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं, तोही ती मुलांकडून करून घ्यायची. आपल्याच डिस्टिल्ड पाण्यात पातळ करून. तोही दरवेळी बरोबर यायचा. मुलं यंत्राला दोष द्यायला लागली की म्हणायची, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

यंदा माझी मुलगी तिसऱ्या वर्षाला आली.

यंत्रावर तिचा नंबर होता त्या सकाळी वीज गेलेली, डिस्टिल्ड पाण्याची टाकी रिकामी. थोरली प्राचार्यांकडे अडकलेली. पोरीनं कपाटातली अतिशुद्ध पाण्याची सीलबंद बाटली फोडली, जी दुसऱ्या एका यंत्रासाठी विकत आणलेली असते. वहीत लिहिलं, सही केली, वीज आल्यावर त्याच पाण्यावर शून्य लावलं, त्याच पाण्यात सगळी द्रावणं केली. कुलरचा आकडा आला सव्वीस.

थोरली आली. जर्नल बघितलं.

“सव्वीस?”

“हो मॅडम. दोनदा केलं.”

“पाणी कुणाला विचारून बदललंस?”

“वहीत लिहिलंय.”

“लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली? पाच वर्षं इथं सात येतंय. शंभरावर मुलांना सात आलं आणि तुलाच सव्वीस. बाटली नासवलीस, वर माझ्या कुलरला दोष.” आणि सगळ्या वर्गासमोर तिनं ते पान फाडलं आणि शून्य गुण दिले. प्रयोग पूर्ण नाही म्हणून जर्नलवर सही नाही. जर्नलवर सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही.

त्या संध्याकाळी मी वर गेले. मोठे दीर वर्तमानपत्र घेऊन गच्चीत निघून गेले. त्यांना या बाबतीत सराव आहे.

“माझ्या मुलीचं वर्ष घालवायचंय तुम्हाला?”

“तिनं नीट करावं. सही मिळेल.”

“तिनं नीटच केलंय. तुमचं चुकलं असेल!”

“माझं?” ती हसली. मला आठवतंय, ती हसली. “धाकटे, तुझं उचलली जीभ लावली टाळ्याला. पाणी आणि अक्कल, दोन्ही पुतणीनं तुझ्याकडूनच आणलेलं दिसतंय.”

मी त्या बाईला त्या क्षणी जिन्यावरून ढकलून दिलं असतं. खोटं कशाला बोलू?

खाली आले तर मुलगी पुस्तक मिटून बसलेली. “आई, तू भांडू नकोस. काकूंना आकडा पटत नाहीये तर काकू मोजतील. मी ओळखते त्यांना.”

आणि तसंच झालं. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा भरल्यावर थोरलीनं दार आतून लावून घेतलं आणि एकटीनं दोन्ही पाण्यांवर तोच कुलर मोजला. टाकीचं पाणी शून्य धरलं तर सात. बाटलीचं पाणी शून्य धरलं तर सव्वीस. मग तिनं ती गोष्ट केली जी पाच वर्षांत कुणाच्याही डोक्यात आली नव्हती: बाटलीच्या पाण्याला शून्य धरून टाकीचं पाणीच नमुना म्हणून घातलं. एकोणीस.

आमचं शून्य एकोणीसवर उभं होतं. प्रत्येक मुलानं, प्रत्येक वर्षी, पाण्यातलं एकोणीस शिसं आधी गिळून मग मोजायला सुरुवात केली होती. खात्रीचा नमुना बरोबर यायचा, कारण तो पातळ करायला पाणी तेच आणि शून्यही तेच. दोन्हीकडचं एकोणीस एकमेकांत फिटायचं. कुलरचं पाणी मात्र बाहेरून यायचं. त्यातले सव्वीस सात होऊन कागदावर उतरायचे, आणि पोरं ते पाणी पीत होती, तिच्या सहीखाली.

तिनं टाकी रिकामी केली. विभागप्रमुखांना, मला आणि माझ्या मुलीला बोलावलं. झाकण काढून टॉर्च आणि हातातला आरसा आत धरला. तोटीच्या मुळाशी करड्या रंगाचा ओबडधोबड गोळा. तिनं चाकूनं त्याचा कपचा काढला, कापलेली बाजू चकाकली, आणि तो कागदावर ओढला तशी पेन्सिलीसारखी रेघ उठली.

“शिशाचा डाख,” ती म्हणाली. “डिस्टिल्ड पाण्यात काहीच नसतं, म्हणून ते भेटेल ते खातं.”

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगते. जुने नळ, डाखाचे सांधे, शिसं, मुलांचे मेंदू. परीक्षेत पाच गुणांना विचारते. आणि डाख देताना मी तिथंच उभी होते, फरशी कोरडी होणार म्हणून खूश.

विभागप्रमुखांचे डोळे लुकलुकले. “कधीचं आहे हे?”

थोरली माझ्याकडे वळली. “माझ्या रजेत तू तोटीचा वायसर बदललास. तेव्हा आत कुणी काही केलं होतं?”

मी सांगितलं असतं तर काय झालं असतं? चूक माझ्या नावावर गेली असती. मला एक ठपक्याचं पत्र मिळालं असतं, वर्षभर स्टाफरूममध्ये टोमणे. यंत्र तिच्याकडे, मुलांकडे राहिलं असतं. हे सगळं मला त्या एका क्षणात स्पष्ट दिसलं. आणि त्याच्याबरोबर आदल्या दिवशीचं तिचं ते हसणंही दिसलं.

“वायसर बदलला,” मी म्हटलं. “तेवढंच.”

माझ्या शेजारी मुलीनं श्वास आत घेतलेला मी ऐकला. तिच्या तोंडाकडे मी पाहिलं नाही.

थोरलीनं मात्र माझ्याकडे पाहिलं, नळीतलं द्रावण रंग बदलतंय का बघावं तसं, सावकाश. मग म्हणाली, “बरं. मग आल्यावर मी उघडून बघायला हवं होतं. चूक माझी.”

“अहो मॅडम, असं कसं—” विभागप्रमुख, मध गाळत.

“लिहून देते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कँटीनमधला कुलर बंद झाला आणि ‘तपासलेले पाणी’च्या जागी नवी पाटी लागली, तिच्याच अक्षरात: गेल्या पाच वर्षांचे शिशाचे सर्व आकडे चुकीचे आहेत, ते मागे घेत आहोत, चूक यंत्रखोली प्रमुखांची. विभागप्रमुखांनी आठवड्यात निळं आवरण धुऊन आणलं. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात देताना ते म्हणाले, “आता घरातच राहिली म्हणायची किल्ली.” विनोद केला त्यांनी. मी हसलेही.

वही तिनं स्वतः आणून दिली. दोरी सोडवून, नीट गुंडाळून. मला वाटलं आता बोलेल. जिन्यात, घरी, कुठेतरी माझ्या झिंज्या धरेल. मी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, “हात लावलास की लिहीत जा,” आणि वर निघून गेली. त्यानंतर ती माझ्या कपड्यांकडे वाकून बघत नाही. बोलत तर नाहीच. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तिच्या गप्प बसण्याचाच जास्त राग येतो. एवढं नको होतं तिनं घ्यायला. भांडायला हवं होतं.

मुलीला शून्याच्या जागी पूर्ण गुण मिळाले. जर्नल सहीसाठी वर गेलं आणि खाली आलं. ती आंघोळीला गेली असताना मी ते उघडलं. प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी मुलांना एक मथळा लिहावा लागतो, ‘त्रुटीची कारणे’. माझ्या मुलीनं तिथं लिहिलं होतं: ‘टाकीला शिशाचा डाख प्रभारी शिक्षिकेने दिला होता. मी टॉर्च धरला होता. त्यांनी नोंद केली नाही.’

त्या तीन ओळींवर लाल शाईनं आडवी रेघ होती. पट्टीनं मारलेली. समासात थोरलीचं अक्षर: ‘वहीत नोंद नाही. पुराव्याशिवाय लिहू नये.’ खाली तारीख आणि पूर्ण सही.

मुलगी डोकं पुसत बाहेर आली, माझ्या हातात जर्नल बघितलं आणि ते काढून घेतलं. “काकूंनी खोडलं,” म्हणाली. “मी नाही.” तेव्हापासून ती संध्याकाळी वर जेवते.

आता तिसऱ्या वर्षाची मुलं पिवळ्या पट्टीच्या मागे उभी राहतात, मी आवरण काढते, पंधरा मिनिटं बोलते, आवरण घालते. परवा एका मुलीनं विचारलं, “मॅडम, आम्ही नाही का चालवायचं?” मी म्हटलं, नियम आहे. बाटल्या हल्ली साबणानं धुतात.

वही माझ्या कपाटात आहे. सात वर्षांपूर्वीचं ते पान मी रोज उघडते. दहा दिवसांची मोकळी जागा आहे, डाखाची नोंद तीन ओळींत मावेल. सही केली तर किल्ली वर जाईल, आवरण निघेल, आणि तिचं तोंड मला पुन्हा दुपारी व्हरांड्यात दिसेल. पेनचं टोपण मी काढते.

अजून लिहिलेलं नाही.